पाठीकडे जाणारी नाव

माहुलीत परसराम वलथऱ्याच्या घरी जायचं, तर आधी अंगणातल्या तीन उपड्या नावांना वळसा घालावा लागे. तिन्ही लाकडी, लांबलचक, पोटाला डांबर फासलेल्या. त्यांच्या खाली कोंबड्या अंडी घालत, अधूनमधून विंचू निघे, आणि उन्हाळ्यात डांबर पाघळलं की त्याचा वास थेट रुखमाबाईच्या भातात उतरे. एवढं असून त्यातली एकही नाव परसरामची नव्हती. तो त्यांचा नुसता राखणदार, आणि ही राखणदारी त्याला जिंकल्याबद्दल मिळालेली. मान म्हणून माणसाच्या गळ्यात काय काय बांधतात, ते पाहायचं असेल तर माहुलीला यावं.

वैनगंगेच्या या काठावर माहुली, पल्याड सावरघाट, आणि थोडं खालच्या अंगाला करंजटोला. या तीन गावांची नावांची शर्यत दर साली कार्तिक पुनवेच्या दुसऱ्या दिवशी होई. तेव्हा पूर ओसरलेला असतो, पाणी निवळलेलं असतं आणि वाळू अजून वर आलेली नसते. माहुलीच्या घाटावरून सुटायचं, वरच्या अंगाला पाण्यात रोवलेल्या बांबूच्या खांबाला वळसा घालायचा आणि परत घाटावर यायचं. ऐकायला एवढंच. पण तीन गावं एकत्र आली की साध्या गोष्टीलाही नेम लागतात, आणि या शर्यतीचे नेम शर्यतीपेक्षा जड होते.

नावा तिन्ही गावांच्या समाईक. कुणी आपली नाव गुपचूप तासून हलकी करू नये, म्हणून जुन्या लोकांनी ही तोड काढलेली. कोणती नाव कुणाच्या वाट्याला, हे शर्यतीच्या सकाळी तांब्यात हात घालून ठरे. मग वर्षभर त्या सांभाळायच्या कुणी? तर जिंकलेल्या नावेच्या सुकाणूवाल्यानं. भेगा त्यानं बुजवायच्या, डांबर त्यानं लावायचं, फळी सुटली तर त्यानं ठोकायची, आणि पुढच्या साली नदीत उतरून खांबही त्यानंच रोवायचा.

दुसरा नेम याहून वाईट. जिंकलेली नाव मोडायची नाही. म्हणजे जे सात जण जिंकले, त्याच सात जणांनी पुढच्या साली बसायचं; हारल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही. कधीकाळी कोणत्याशा गावानं जिंकल्यावर बाहेरचा पैलवान आणून नावेत बसवला होता आणि घाटावर डोकी फुटली होती, तेव्हापासूनचं हे. ज्यांनी हा नेम केला त्यांना वाटलं असेल, माणूस कधी ना कधी हारतोच. परसराम हारेना, हीच सगळी अडचण होती.

तो सुकाणूवर बसला आणीबाणीच्या वर्षी. आधीचा म्हातारा डोळ्यांनी अधू झाला, आणि परसराम अंगानं वाळक्या काठीसारखा, आवाज मात्र ढोलासारखा. सुकाणूवर असाच माणूस हवा असतो. वजन कमी, हुकूम मोठा. त्या पहिल्या साली जिंकल्यावर तो घाटावर नाचला होता. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन घरी आणलं होतं आणि मागोमाग तीन नावाही आणून टाकल्या होत्या. रुखमाबाईनं त्या दिवशी नावांना हळदकुंकू लावलं. पुढं आठ वर्षं ती त्यांना शिव्या देत होती.

नावेत सहा वल्हेवाले दोन-दोन करून बसत, सगळे पाठमोरे. वल्हं जोरात ओढायचं तर पाठ पुढं आणि तोंड मागं, असंच बसावं लागतं. त्यामुळे नाव जाते तिकडचं त्यांना काहीच दिसत नाही. जे मागं पडलं तेवढंच दिसतं, आणि दिसतो तो सगळ्यात मागं, त्यांच्याकडे तोंड करून बसलेला सुकाणूवाला. त्याची उजवी बाजू ती त्यांची डावी, म्हणून डावं-उजवं म्हटलं की घोळ व्हायचा. परसरामनं त्यावर उपाय काढला होता. त्याच्या अगदी समोर दोघं बसत, एका बाजूला नत्थू आणि दुसऱ्या बाजूला सोमाजी. तो ओरडे, “नत्थूकडचे, धरा! सोमाजीकडचे, ओढा!” की नाव बरोबर फिरे. पुढं कोण आहे, किती हात पुढं आहे, खांब किती राहिला, हे सगळं तो सांगे आणि सहा जण त्याच्या तोंडाकडे पाहत ओढत. मान वळवून पाहिलं की ठेका चुकतो. त्या सहांनी कधी मान वळवली नाही.

नत्थू आणि परसराम एका वयाचे, एकाच घाटावर पोहायला शिकलेले. शर्यत संपली की नत्थू नावेच्या काठावरून वाकून ओकायचा आणि मग तोंड धुऊन हसायचा. दर साली असंच. “जितलो ना?” एवढं विचारायचा. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू घेऊन विचारलेला तो प्रश्न परसरामला आधी आधी फार आवडे.

पण आठ वर्षांत माणूस झिजतो. परसरामचा उजवा खांदा सुकाणूनं खाल्ला होता. सकाळी डोक्याला दुपट्टा गुंडाळायला हात वर जाईना. जाळं फेकताना डावा हात वापरावा लागे आणि मासे त्याच्यावर हसत असावेत. कार्तिकात धान घरी आलं की ते वाळवायला अंगण नाही. रुखमाबाई टोपल्या डोक्यावर घेऊन शेजारच्या विमलाबाईच्या अंगणात जाई आणि येता-जाता प्रत्येक नावेला एक लाथ हाणी. परसरामला राग येत नसे. राग यायलाही थोडी ताकद लागते. त्याला फक्त उठायचं होतं, त्या जागेवरून, कायमचं.

ज्या हिवाळ्यात दिल्लीला एशियाड भरलं, त्या हिवाळ्यात केशवराव गुरुजींनी शाळेच्या पडवीत सगळ्यांना पेपर वाचून दाखवला. गुरुजी मूळचे साकोलीकडचे, तिन्ही गावांपैकी कुणाचेच नाहीत, म्हणून शर्यतीचे पंच तेच. पेपरात होतं की वल्हवण्याच्या शर्यती जयपूरकडच्या एका तलावावर झाल्या. तिथंही गडी पाठमोरेच बसतात, प्रत्येक नावेला पाण्यात आपापली वाट आखून दिलेली असते, सुटण्याआधी नाव मागून धरून ठेवतात, आणि पहिल्या फेरीत जे हारतात त्यांना वर यायला आणखी एक फेरी मिळते.

“हारल्यावर आनखी एक?” सोमाजी म्हणाला. “मोठी मजा हाय बाप्पा त्यायची.”

परसराम कोपऱ्यात बसला होता. त्यानं विचारलं, “गुरुजी, जितलेला मानूस तिथं घरी बसू शकते का?”

गुरुजींनी पेपर उलटसुलट करून पाहिला. “ते काही लिहिलं नाही,” ते म्हणाले.

सगळे गेल्यावर परसराम मागं राहिला. “मले उठवा, गुरुजी. खांदा गेला माहा.”

गुरुजींना वाईट वाटलं. ते मनानं मऊ होते. “मी तुम्हाला उठवलं, परसरामभाऊ, तर उद्या सावरघाटचे म्हणतील, माहुलीनं ताजा गडी घुसवला. पुन्हा डोकी फुटतील. नेम काही माझा नाही.” मग त्यांनी चहा पाजला. चहानं खांदा बरा होत नाही, पण परसराम प्यायला.

वाट दाखवली ती रुखमाबाईनं. पुढच्या साली शर्यत आठवड्यावर आली होती. ती त्याच्या खांद्याला मोहाच्या टोळीचं तेल चोळत होती आणि तो कण्हत होता.

“मंग हारा ना,” ती म्हणाली.

परसरामनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“असे कायले पाह्यता? दोन गावं तर दर साली हारतेत. मेले का ते?”

खरं सांगायचं तर हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. हारणं म्हणजे आपल्यावर येणारी गोष्ट, आपण करायची नव्हे, असं तो धरून चालला होता. आता त्याला दिसलं की किती सोपं आहे. सुकाणू वाकडं करायला नको की काही नको. खांबापाशी हुकूम द्यायला उशीर करायचा, बस. नाव आपोआप रुंद वळेल, आतून दुसरी निघून जाईल. सहा जणांना काय कळणार? त्यांची तर पाठ असते. त्या रात्री तो बऱ्याच महिन्यांनी कुशीवर न वळता झोपला.

शर्यतीच्या सकाळी तांब्यात हात घातला तर वाट्याला काळी आली. तीन नावांतली सगळ्यात जड, डांबर पिऊन पिऊन फुगलेली. परसरामला वाटलं, देवानंच हात दिला. आता काही करायची गरजही पडणार नाही. नत्थूनं मात्र तळहातावर थुंकून म्हटलं, “काळी तं काळी. आपल्याले का फरक पडते?” सावरघाटच्या भय्याजीला भुरी आली, सगळ्यात हलकी. भय्याजी म्हणजे रुखमाबाईच्या माहेरचा सुकाणूवाला, नात्यानं परसरामचा साळा लागे. त्याचं तोंड उतरलेलं दिसलं. परसरामला वाटलं, ऊन लागलं असेल. तिसरी नाव करंजटोल्याच्या मंगरूची. करंजटोला दर साली शेवटी येई, इतका शेवटी की त्यांची नाव कुठं आहे हे कुणी पाहतही नसे.

तिन्ही नावांची शेपटं धरून छातीभर पाण्यात तीन माणसं उभी राहिली. गुरुजी घाटावर बांधलेल्या माचीवर चढले, हातात पांढरा रुमाल. भुरीचं नाक वीतभर पुढं आलं, त्यांनी मागं घ्यायला लावलं. मग काळीचं आलं. ते सरळ होईतो मंगरूची नाव तिरकी झाली. एकदा बोलावूनही पुन्हा नाक काढलं तर नाव बाद, हा नेम. त्यामुळे सगळे श्वास धरून. शेवटी रुमाल पडला, धरणाऱ्यांनी हात सोडले आणि घाटावरचे सगळे एकदम ओरडले.

काळी जड खरी, पण तिच्यातले सहा जण त्याहून अडेल. खांबाच्या अर्ध्या वाटेवर परसरामनं पाहिलं तर भुरी आणि काळी बरोबरीनं चाललेल्या, भुरी खांबाच्या बाजूला, काळी बाहेरून. मंगरू मागं. सवयीनं परसरामच्या तोंडून निघून गेलं, “बरोबर हाय! बरोबर हाय! ओढा!” आणि त्या सहांनी ओढलं. आपणच आपल्या हातानं आणखी एक वर्ष ओढवून घेतोय, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं तोंड मिटलं.

खांब जवळ आला. इथं हुकूम द्यायचा. परसराम गप्प राहिला.

खांब बरोबरीला आला आणि मागं पडला. आता भुरी वळणार, आतून निघून जाणार, असं धरून त्यानं आडव्या नजरेनं पाहिलं, तर भुरीही सरळच चाललेली. भय्याजी सुकाणू धरून पुतळ्यासारखा बसलेला, तोंड मिटलेलं. दोन्ही नावा खांब सोडून शेजारी शेजारी वरच्या गावाला निघाल्या. आणि भुरी आत असल्यामुळे ती वळल्याशिवाय काळीला वळता येईना. वळली असती तर सरळ तिच्या पोटात घुसली असती. परसरामनं भय्याजीकडे पाहिलं. भय्याजीनं परसरामकडे पाहिलं. दोघांनाही एकदमच कळलं.

घाटावर काय गोंधळ माजला असेल तो माजला. भय्याजीचे गडी शिव्या देऊ लागले तेव्हा कुठं त्यानं नाव फिरवली, मागोमाग परसरामनं. तोवर मागून येणाऱ्या मंगरूनं भुरीच्या आडून खांबाला अगदी चिकटून वळसा घेतला होता आणि तो घाटाच्या वाटेला लागला होता. वळताना काळीनं भुरीला मागं टाकलं. आता पुढं मंगरू, मग काळी, आणि मागं भुरी.

नत्थूला मागची भुरी दिसत होती. पुढचा मंगरू दिसत नव्हता. त्याची छाती भात्यासारखी चालली होती, तरी त्यानं विचारलं, “पुढं कोन हाय?”

परसरामनं समोर पाहिलं. मंगरू दहा-बारा हातांवर होता, आणि त्याचे गडी थकले होते. एक हुकूम, आणि काळीनं त्याला गाठलं असतं.

“कोनी नाही,” परसराम म्हणाला.

त्याला वाटलं, हे ऐकून ते जरा ढिले पडतील. झालं उलटंच. सहाही तोंडं उजळली. नत्थूनं ओठ चावून असं काही वल्हं ओढलं, की काळी पाण्यातून उठल्यासारखी झाली. दहा हात होते ते पाच झाले, पाचाचे तीन. परसराम सुकाणू घट्ट धरून बसला होता. आपण जिंकू की काय या भीतीनं त्याला घाम फुटला. जिंकायची भीती काय असते ते ज्याला ठाऊक नाही, त्याला ही गोष्ट कळणार नाही.

काळीचं नाक मंगरूच्या शेपटाला लागायला एक हात उरला असतानाच मंगरू पोचला. घाट दणाणला. आणि त्या दणाणण्यात, जिंकलेल्यांची रीत असते तशी, काळीतल्या सहाही जणांनी आपली वल्ही आभाळाकडे उभी केली.

लोक हसू लागले. आधी पोरं, मग बाया, मग सगळेच. सहा जण वल्ही वर धरून हसत होते, कारण त्यांना वाटलं, लोक आनंदानं हसताहेत. नत्थू काठावरून वाकून ओकला, तोंड धुतलं आणि वर पाहून म्हणाला, “जितलो ना?”

परसरामला उत्तर द्यावं लागलं नाही. सोमाजीनं मान वळवली होती.

मग घाटाच्या एका बाजूला, वडाखाली, भय्याजी त्याच्याजवळ येऊन उभा राहिला. 

“तुले काय झालं होतं?” परसराम म्हणाला.

“तुले जे झालं तेच.” भय्याजीनं बिडी पेटवली. “रुखमा आमच्या गावची पोर. तिचं अंगन दर साली येऊन पाह्यतो ना मी. घरवाली मंदाबाई मनते, तीन नावा दारात आल्या का मी चालली माहेरी.”

“कधीपासून करून राहिला हे?”

“जाऊ दे गा, जवाईबुवा.”

“कधीपासून, भय्याजी?”

“भुरी हातात आली का करावंच लागे,” भय्याजी म्हणाला. “हलकी हाय ना ते. जितून जाते.”

किती वेळा त्याच्या वाट्याला भुरी आली होती, हे परसराम आठवू लागला आणि मग त्यानं सोडून दिलं. ज्या साली आपण नाचलो, त्या सालीही? खांदा कशापायी गेला, हे माणसाला निदान नीट कळायला तरी हवं. पण भय्याजीवर चिडायचंही त्याच्या अंगात उरलं नव्हतं.

दोन दिवसांनी नावा हलवायच्या होत्या. आता त्या करंजटोल्याच्या. मंगरूची बायको नावांना लावायला हळदकुंकवाचं ताट तयार ठेवून बसली आहे, असं कुणीतरी सांगितलं, आणि रुखमाबाई तोंडाला पदर लावून हसली. सहा जण सकाळीच आले. भुरी आणि तिसरी करंजटोल्याचे गडी येऊन घेऊन गेले होते. काळी पोचवायची माहुलीनं.

सोमाजी फुगलेला होता. “साऱ्या बजारात हसतेत लोकं. वल्ही वर केली मनते, हारून. तू सांगितलं काहून नाही, परसराम?”

नत्थूच मधे बोलला. “त्याच्यावर कायले येतो? परत येताना ऊन सारं तोंडावर होतं त्याच्या. पान्यावर चमकत होतं. नसन दिसला मंगरू.” मग तो परसरामकडे वळला. “खांब मांगं गेला तवा मी घाबरलो होतो. मंग तुह्या तोंडाकडं पाह्यलं. आठ सालात तुह्यं तोंड असं मोकळं नव्हतं पाह्यलं मी. मनलं, काहीतरी डाव हाय याचा, आपन जितलोच. मनून तं जीव खाऊन ओढलं.”

 कितीतरी दिवस घोकून ठेवलेलं एक वाक्य परसरामनं कसंबसं काढलं. “मी आता बसत नाही, नत्थू.”

“नको बसू. थकला तू. आमालेच दिसते ना, तुलेच तं पाह्यत बसतो आमी.”

काळी उचलून त्यांनी पाण्यात सोडली. अंगण मोकळं झालं, आणि रुखमाबाईनं त्यांची पाठ वळायच्या आत शेणाचा सडा घातला. शेवटचं म्हणून परसराम सुकाणूवर बसला, सहा जण समोर. घाई कुणालाच नव्हती, धार खालीच वाहत होती. वल्ही नुसती पाण्याला लागत होती. सोमाजीसुद्धा हळूहळू निवळला. वळणावर आल्यावर नत्थूनं सवयीनं, थोडं थट्टेनं विचारलं, “पुढं कोन हाय गा?”

परसरामनं समोर पाहिलं. सबंध नदी मोकळी होती.

“कोनी नाही,” तो म्हणाला. मग त्याच्यानं राहवलं नाही. “या खेपेले खरंच कोनी नाही.”

नत्थूचं वल्हं थांबलं नाही. ठेकाही चुकला नाही. फक्त करंजटोल्याचा घाट येईपर्यंत त्यानं परसरामच्या तोंडाकडे पाहिलं नाही.